द्राक्षारस, मोहाची आणि पोटासाठी 'थोडा'

ख्रिस्ती माणसाने दारू प्यावी की नाही, हा जुना वाद. मराठी बायबलने 'द्राक्षारस' हा शब्द रुळवला आणि अर्धा घोळ तिथेच झाला. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरकडे रस म्हटला की उसाचा नाहीतर आंब्याचा. मूळ ग्रीक 'ओइनोस' मात्र आंबवलेला. इफिसच्या मंडळीला प्रेषित पौल तो पिऊन झिंगू नका म्हणून बजावतो. ताज्या रसाने कोण झिंगतं?

त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दिलेला सल्ला (१ तीमथ्य ५:२३) दोन्ही बाजूंचे लोक पुढे करतात: नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. पिणारा 'घे'वर जोर देतो, न पिणारा 'थोडा'वर. मला वाटतं, खरा शब्द 'पोटासाठी' आहे. ते औषधच होतं. लूकच्या दाखल्यातला, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणारा शोमरोनीही जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो. नीतिसूत्रांत तर २३व्या अध्यायात त्याच्या तांबड्या रंगाकडे बघूही नकोस म्हटलंय, आणि ३१व्यात मरणाला टेकलेल्याला मद्य द्या.

'थेंबही नको' ही भूमिका प्रॉटेस्टंटांत रुजली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या दारूबंदी चळवळींमुळे. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस तापवून आंबण्यापासून रोखला, तो प्रभुभोजनासाठीच, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीसाठी. कॅथलिकांनी आंबवलेला द्राक्षारस सोडला नाही.

पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले तेव्हा समोर द्राक्षं नव्हतीच, मोह होता. भिल्ल-मावची आदिवासी घरांत मोहाची दारू म्हणजे पाहुणचार, लग्न, मयत. पहिली धार देवाला. त्यामुळे इथे दारू सोडणं म्हणजे जुनी पूजा सोडणं. बायबलातला वाद त्यापुढे लहानच.

आणि दारू सोडा असं सांगणारे एकटे मिशनरी नव्हते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरची भट्टी गुन्हा ठरत गेली, ठेकेदाराची दारू आणि कर्ज गळ्यात पडलं. १९२२ मध्ये अंगात येणाऱ्या देवीने सुरत जिल्ह्यात आणि या पट्ट्यात हुकूम दिला: दारू-ताडी बंद, रोज आंघोळ. पुढे तळोद्याकडे गुलाम महाराजांनी आदिवासींमधल्या 'आप' या भक्तिपंथातून तेच सांगितलं.

आज इथे प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी घरी काळे मनुके भिजतात. सकाळी ते कुस्करून, उकळून, फडक्यातून गाळून चिमुकल्या पेल्यांत भरतात. दुपारपर्यंत उरलं तर पोरं पिऊन टाकतात.