निळं पाणी, खारट रक्त

सॅनिटरी पॅडची जाहिरात सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. पॅडवर निळं पाणी ओततात, ते क्षणात गडप होतं आणि लगेच पांढऱ्या पँटमधली मुलगी उड्या मारू लागते. पोराचा गुडघा फुटला तर मलमाच्या जाहिरातीत रक्त लाल चालतं, बाईचं मात्र निळं! ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने 2017 साली लाल द्रव दाखवला, तर त्याची बातमी झाली. या लाजेबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला खटकतं ते पाणी.

पॅडच्या गाभ्यात, कापसासारख्या लगद्यात, साखरेएवढे पांढरे कण असतात. ते सोडियम पॉलिॲक्रिलेट. एखादं कोरं पॅड फाडून ते कण वाटीत झटका आणि थोडं पाणी घाला. बघता बघता थलथलीत जेली होईल. आता तिच्यावर मीठ भुरभुरा. जेली खाली बसते, तिला पाणी सुटतं.

असं का होतं? या रेणूच्या लांबलचक साखळीवर जागोजागी ऋणभारित कार्बोक्सिलेट गट असतात आणि त्यांच्या जोडीला धनभारित सोडियम आयन. पाणी मिळालं की सोडियम सुटा होतो, पण साखळीचा ऋणभार त्याला जेलीबाहेर जाऊ देत नाही. आत आयनांची दाटी, बाहेर विरळ. मग पाणी आत धावतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. शिवाय साखळीवरचे ऋणभार एकमेकांना रेटतात, साखळ्या उलगडतात आणि जाळं फुगतं. आडव्या बंधांनी साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणून सगळं विरघळून जात नाही, एवढंच. बाहेरच्या द्रवातच मीठ असेल तर आतबाहेरचा फरक घटतो, सोडियमच्या गराड्यात ऋणभारांची रेटारेटीही थंडावते. म्हणून शुद्ध पाणी वजनाच्या सुमारे 300 पट शोषणारा हा पदार्थ 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात 50 पटींच्या आसपास येतो. आणि आपला रक्तद्रव जवळपास तेवढाच खारट असतो.

पुढची अडचण लाल पेशींची. पेशीचा व्यास 7-8 मायक्रोमीटर, तर जेलीच्या जाळ्याची छिद्रं नॅनोमीटरमधली. पेशी आत शिरत नाहीत. कणांभोवती थर धरून बसतात आणि मागून येणाऱ्या द्रवाची वाट अडवतात. मासिक स्रावात श्लेष्मा असतो, गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडेही असतात. निळ्या पाण्यात यातलं काहीच नसतं.

मिठावरून आठवलं. ‘कावळा शिवलेल्या’ बाईने बरणीला हात लावला की लोणचं नासतं, असं अजून कित्येक घरांत मानतात. लोणचं टिकतं ते मीठ जंतूंमधलं पाणी ओढून घेतं म्हणून. तेही परासरणच. त्याला बरणी कोणी उघडली याच्याशी देणंघेणं नाही. ओला चमचा मात्र घालू नका.

पॅडसाठीच्या 1980 च्या भारतीय मानकात चाचणी होती ती अशी : मिनिटाला 15 मिलिलिटर या वेगाने 30 मिलिलिटर द्रव ओतायचा, तो खालून किंवा कडेने पाझरता कामा नये. द्रव कोणता? रंगीत पाणी किंवा मेंढी-बकरीचं रक्त. त्या ‘किंवा’मध्ये किती फरक दडलाय, ते वर आलंच. 2023 साली अमेरिकेत ऑरेगनच्या संशोधकांनी पाळीसाठीची 21 उत्पादनं माणसाच्या लाल रक्तपेशी वापरून तपासली, तेव्हा बहुतेकांची क्षमता दाव्यापेक्षा कमी भरली.

क्षमतेचा हा आकडा दवाखान्यात उपयोगाचा असतो. एका पाळीत 80 मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं तर तो अतिस्राव, असं पुस्तकात लिहिलेलं असतं; पण घरी मोजणार कोण? म्हणून डॉक्टर विचारतात, ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा हा प्रश्न क्षुल्लक नाही. पण उत्तराला अर्थ यायचा तर एका पॅडमध्ये रक्त किती मावतं ते ठाऊक हवं. दुकानातलं पाकीट उलटून पाहा: लांबी मिलिमीटरमध्ये ठळक छापलेली असते, मिलिलिटरचा आकडा सहसा सापडत नाही.