दात सरकतो तो हाड जिवंत असतं म्हणून

“आता या वयात दात सरळ होतील का?” चाळिशीतली माणसं हे जरा संकोचानंच विचारतात. होतात. दात सरकायला वयाची अट नाही. वयानं खरा फरक पडतो तो जबड्यात, आणि मुलांचे उपचार मोठ्यांपेक्षा वेगळे का असतात, याचं उत्तरही तिथंच आहे.

भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा दात हाडात घट्ट रुतलेला असतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. तारेनं दाताला एका बाजूला रेटलं की त्या बाजूचे तंतू दबतात, पलीकडचे ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या. पुढची भिंत मागे हटते, मागची पुढे येते आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दीड-दोन वर्षं लागतात ती यामुळे. जोर वाढवून हे काम लवकर उरकत नाही. फार दाब दिला तर तंतूंमधला रक्तप्रवाहच अडतो, दात अडून बसतो आणि मुळं झिजण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच निकेल-टायटॅनियमची तार मला या उपचारातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वेड्यावाकड्या दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तार धरणाऱ्या छोट्या खाचांमध्ये, बसवताना ती दातांच्या रांगेसारखीच वाकडी होते. पण आपला मूळ कमानदार आकार ती विसरत नाही. हळूहळू सरळ होऊ पाहते आणि दातांनाही सोबत घेऊन जाते. आठवडेच्या आठवडे, सौम्य आणि जवळपास सारख्याच जोरानं.

आता मुलांकडे येऊ. वरच्या जबड्याचे दोन भाग टाळूच्या मध्यरेषेवर जुळलेले असतात आणि वाढत्या वयात हा सांधा पुरता पक्का झालेला नसतो. जबडा अरुंद असेल तर टाळूला स्क्रू असलेलं उपकरण बसवतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आईवडील घरीच बारीक किल्लीनं तो स्क्रू फिरवतात. एका वेळेला साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांनी पटाशीच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते आणि घरातले घाबरतात. खरं तर सांधा उघडत असल्याची ती खूण असते. पुढच्या काही महिन्यांत दात आपोआप जवळ येतात. किशोरवय सरता सरता हा सांधा घट्ट होत जातो. मग त्याच कामासाठी टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. खालचा जबडा मागे असेल तर त्यासाठीची काढघालीची उपकरणंही वाढ जोरात असतानाच द्यायची असतात.

यासाठीच सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी. मात्र तपासणी म्हणजे लगेच उपचार नव्हे, हे मी आवर्जून सांगेन. सात ते अकरा या वयात पुढच्या दातांत दिसणारी फट पुष्कळदा सुळे आल्यावर आपली आपण मिटते. अशा वेळी वाट पाहणारा डॉक्टर चांगला डॉक्टर.

मोठ्यांच्या बाबतीत पहिली अट हिरड्यांची. हिरड्यांचा आजार सक्रिय असताना दात सरकवले तर आधाराचं हाड आणखी कमी होतं, म्हणून आधी तो आजार आटोक्यात आणावा लागतो. त्यानंतर तारांचे ब्रेसेस घ्यायचे की दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, हे ठरवायचं. एक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, मग पुढचा घालायचा. दिवसातले २० ते २२ तास तो दातांवर हवा. थोडीफार गर्दी किंवा फटी असतील तर तो उत्तम काम करतो. गोलसर उपदाढ फिरवायची किंवा दात हिरडीतून खाली ओढायचा असेल, तर तार अजूनही जास्त भरवशाची. जबड्यांमध्येच मोठी तफावत असेल तर मात्र दोन्हींना मर्यादा आहेत. तिथं शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

तार निघाली की लोकांना वाटतं, सुटलो. पण हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभरही घेतात. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढतच असतात, म्हणून दातांना नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर. सुरुवातीच्या महिन्यांत तो दोन आठवडे डबीत राहिला, तर पुन्हा घालताना कडांशी अडतो, घट्ट बसतो, दात ठणकतात. तेवढ्यात दात निघालेले असतात परतीच्या वाटेला.