मुखकर्करोग

ओठ, गालांचे आतील अस्तर, हिरड्या, जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग, जिभेखालची जागा, कडक टाळू आणि शेवटच्या दाढेमागचा कोपरा यांपैकी कोठेही उद्भवणाऱ्या कर्करोगास मुखकर्करोग म्हणतात. टॉन्सिल, जिभेचे मूळ व घसा येथील कर्करोग यात धरत नाहीत. दहांपैकी नऊहून अधिक रोग्यांत तो अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होतो. २०२२ साली जगात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले होते. भारतीय पुरुषांत हाच पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे.

युरोप-अमेरिकेत तो बहुधा जिभेवर किंवा जिभेखाली होतो. भारतात मात्र गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत तो सर्वाधिक दिसतो, कारण तंबाखूचा बार तिथेच धरला जातो. बार कोणत्या गालात धरता, असे विचारले की पुष्कळदा गाठ त्याच बाजूला निघते. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम भागात चुट्टा नावाची विडी पेटलेले टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत आहे, विशेषतः बायकांत. तेथे कर्करोग टाळूला होतो. सवय आणि जागा यांचा इतका थेट संबंध फार थोड्या रोगांत दिसतो.

तंबाखू ही मूळची इकडची नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर दख्खनमध्ये आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. तंबाखूचे पान मुरताना-वाळताना तयार होणारी नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये पेशींतील डीएनएला इजा करतात. चुना लावून मळली की तिची अल्कता वाढते, निकोटिन अस्तरातून झपाट्याने शोषले जाते आणि तलफ पक्की होते. खुद्द चुन्यानेही अस्तर सोलवटते. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा धूरविरहित तंबाखूचा वापर करणारा आढळला, तर ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास होते. धूरविरहित तंबाखूत मशेरीही आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखूची पूड दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून तीन-चारदा हिरड्यांवर फिरते, पण लावणारीला आपण तंबाखू घेतो असे वाटतही नाही. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून खर्रा करून देतात. अन्यत्र अशाच मिश्रणाला मावा म्हणतात.

नुसत्या सुपारीने काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी व बिनतंबाखूचे पान ही दोन्ही कर्ककारक ठरवली. सुपारीतील अरेकोलिनमुळे अस्तराखाली तंतू साचतात, गाल पांढरट व चामड्यासारखे ताठर होतात, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू मिटत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये गेली तर तोंड नीट उघडते असे समजावे. दोनच जात असतील तर तपासणी हवी. या तंतुमयतेचे वर्णन पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांवरून १९५२ साली झाले आणि पुढल्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्ण नोंदवले. काही रोग्यांत पुढे तेथे कर्करोग होतो. पुसून न जाणारा पांढरा चट्टा हीही पूर्वस्थिती होय. मखमली लाल चट्टा त्याहून धोक्याचा. तंबाखूला दारूची जोड मिळाली की धोका नुसता वाढत नाही, काही पटींनी वाढतो.

तंबाखू आणि मुखकर्करोग यांच्या संबंधाचा भारतातील अभ्यास मुंबईत रुजला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांच्यातील कर्करोग यांची सांगड घातली.

निदानातली अडचण अशी, की सुरुवातीला दुखत नाही. पंधरा-वीस दिवसांत न भरणारी जखम, गालात हाताला लागणारा कडकपणा किंवा कारण नसताना हलू लागलेली दाढ एवढेच काय ते लक्षण. हलणारी दाढ हा यातला सर्वांत मोठा चकवा होय. ती काढली जाते, खड्डा भरत नाही, मग गुळण्या आणि गोळ्या यांत दोन महिने जातात. दाढ हिरडीतल्या गाठीने सैल केली होती हे उशिरा कळते. घास गिळताना कानात चमक येणे, बधिर ओठ, मानेत गाठ ही पुढची लक्षणे आहेत. निदान तुकडा तपासणीनेच (बायोप्सी) पक्के होते. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. या भीतीपायी वाया गेलेले आठवडेच रोगाला वाढू देतात. जबड्याचे हाड किती धरले आहे ते सीटी स्कॅनमध्ये आणि जिभेतील खोली एमआरआयमध्ये चांगली कळते. पूर्वी गाठीची लांबी-रुंदीच मोजत. रोगाचे टप्पे ठरवणाऱ्या २०१७ च्या वर्गीकरणापासून गाठ किती खोल गेली तेही मोजतात. दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल नसेल आणि मानेत शिरली नसेल, तरच तो पहिला टप्पा.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठीभोवतीचे सुमारे एक सेंटीमीटर निरोगी ऊतक आणि गरजेप्रमाणे जबड्याचा भाग काढतात. मानेत गाठ लागत नसतानाही तेथील लसीका ग्रंथी लगेच काढाव्यात की वाट पाहावी, हा वाद अनेक दशके चालला. टाटा रुग्णालयातील चाचणीने तो २०१५ साली बऱ्याच अंशी मिटवला : लगेच काढलेल्यांपैकी ८० टक्के, तर थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. काढलेल्या जागी छातीचा स्नायू वळवून आणतात किंवा पायाच्या बारीक हाडाचा जबडा घडवतात. पुढच्या टप्प्यातील रोग्यांना नंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन देतात. रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. ग्रंथीबाहेर रोग फुटला असेल किंवा कापलेल्या भागाच्या कडेला राहिला असेल तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध असते. शेक सुरू होण्याआधी किडके दात काढावे लागतात, कारण शेक बसलेल्या जबड्याची जखम भरत नाही. बरा न होणारा रोग आटोक्यात ठेवण्यासाठी अलीकडे निवोलुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या महागड्या औषधाची अगदी लहान मात्रा स्वस्त गोळ्यांसोबत देण्याचा प्रयोग मुंबईत झाला आणि एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले.

पहिल्या टप्प्यातील दहांपैकी सुमारे आठ रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. मानेत रोग गेला की ही शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. भारतातील बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात येतात, हे येथे जगणाऱ्यांचे प्रमाण कमी असण्याचे खरे कारण. तिरुवनंतपुरममधील मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसती तोंडे पाहिली, तेवढ्याने तंबाखू-दारूची सवय असलेल्यांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. बॅटरी आणि डोळे एवढेच साधन होते.

गोव्याने गुटख्यावर २००५ साली बंदी घातली. महाराष्ट्राची २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, ती २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली. त्यावर अनेक ठिकाणी एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या : एकीत सुपारी, दुसरीत तंबाखू, मिसळण्याचे काम खाणाऱ्याकडे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमाने गावांनाच खर्रा विक्री थांबवायला उभे केले.

उपचारानंतर रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो. शिवाय उरलेले अस्तरही तितकीच वर्षे तंबाखूत मुरलेले असल्याने तोंडात नवा कर्करोग होऊ शकतो. रोजच्या जगण्यात मोठे काम असते ते जबडा आखडू न देता तोंड उघडते ठेवण्याचे. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरतात, दिवसातून अनेकदा, आणि जमेल तशी त्यात एकेक पट्टी वाढवत जातात.