स्क्रीन लॉक : फोन जागा करणे आणि उघडणे

स्मार्टफोनचा काळा पडदा उजळणे म्हणजे फोन जागा होणे आणि त्यावरचे कुलूप निघणे म्हणजे फोन उघडणे. रोजच्या वापरात या दोन्ही गोष्टी एका दमात होत असल्या, तरी त्या मुळात वेगळ्या आहेत. जागा झालेला फोन वेळ आणि सूचना कोणालाही दाखवतो. आतला मजकूर मात्र ओळख पटल्यावरच दाखवतो.

बटणांच्या नोकिया फोनमध्ये मेनूची कळ आणि तिच्यामागोमाग तारांकित कळ दाबली की कीपॅड उघडत असे. त्यात गुप्तता नव्हती. खिशात चुकून कळ दाबली जाऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनवरची पट्टी बोटाने उजवीकडे सरकवण्याची रीतही याच जातीची. तिच्या पेटंटावरून ॲपल आणि सॅमसंग यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले. निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्ये तशीच युक्ती आधीपासून असल्याने जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१५ मध्ये हे पेटंट त्या देशापुरते रद्द ठरवले. पुढच्याच वर्षी आयफोनच्या आयओएस १० या कार्यप्रणालीतून ती पट्टी गेली आणि फोन नुसता उचलला की पडदा उजळू लागला.

उचलण्याची हालचाल फोनमधला त्वरणमापक ओळखतो. पडद्यावर दोनदा टकटक करून फोन जागा करण्याची सोय २०११ च्या नोकिया एन९ मध्ये होती; त्यासाठी पडदा विझलेला असतानाही त्याचा स्पर्शसंवेदी थर थोड्याशा विजेवर जागता ठेवावा लागतो. बाजूचे बटण मात्र या सगळ्यांत टिकून आहे.

अँड्रॉइडवरील नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नमध्ये किमान चार ठिपके जोडावे लागतात आणि त्यातून ३,८९,११२ आकृत्या संभवतात. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यतांपुढे ही संख्या मोठी दिसते, पण बरेच जण वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून एखादे सोपे अक्षर काढतात आणि बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो तो वेगळाच. या मागावरून आकृती ओळखता येते, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले.

बोटाच्या ठशाने उघडणारे फोन आधीही होते. ती रीत रुळली ती २०१३ च्या आयफोन ५एस पासून. ॲपलच्या सांगण्यानुसार परक्या बोटाला फोन उघडण्याची शक्यता ५०,००० त एक, तर २०१७ च्या आयफोन एक्समधील चेहरा ओळखण्याच्या पद्धतीत ती १० लाखांत एक असते. ही पद्धत अवरक्त किरणांचे ३०,००० हून अधिक ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजते. केवळ पुढच्या कॅमेऱ्यावर विसंबणाऱ्या अँड्रॉइडच्या २०११ मधील चेहरा-कुलपाला मात्र छायाचित्रानेही फसवता येत असे. ओल्या बोटांना किंवा अंगमेहनतीने रेषा झिजलेल्या हातांना ठसा पुष्कळदा दाद देत नाही आणि अशा वेळी पिनकडेच वळावे लागते.

पिन हा केवळ अडचणीचा पर्याय आहे असा समज यातून होतो, पण रचना नेमकी उलटी आहे. फोनमधील मजकूर ज्या किल्लीने कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, ठेवलेला असतो, ती पिन किंवा पासवर्डाशी बांधलेली असते, आणि फोन बंद करून पुन्हा सुरू केला की प्रथम तोच द्यावा लागतो. तोपर्यंत ठसा किंवा चेहरा कितीही खरा असला तरी कुलूप निघत नाही.