लेझर छायाचित्र-कोरीवकाम

लेझर छायाचित्र-कोरीवकाम : लाकूड, चामडे, स्लेट, रंगवलेली फरशी अशा पृष्ठभागावर लेझर किरण ओळीने फिरवून छायाचित्र उमटवण्याची पद्धत. निळे डायोड लेझर (तरंगलांबी सुमारे ४४५ ते ४५५ नॅनोमीटर) घरगुती खर्चात मिळू लागले आणि यंत्राची हालचाल सांभाळणारी मुक्त सॉफ्टवेअर हाताशी आली, तेव्हा हे काम हौशी माणसांच्या टेबलावर आले. स्वस्त डायोड यंत्रांपैकी बहुतेकांत जीआरबीएल ही हालचाल सांभाळणारी प्रणाली किंवा तिची एखादी सुधारित आवृत्ती असते. नॉर्वेचे सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये तिची सुरुवात केली. अर्डुइनो ऊनोसारख्या साध्या बोर्डावर ती चालते.

संगणकावरचे सॉफ्टवेअर (मोफत लेझरजीआरबीएल किंवा विकत मिळणारे लाइटबर्न) छायाचित्राचे जी-कोडमध्ये, म्हणजे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये, रूपांतर करते. कुठवर जायचे, किती वेगाने आणि किती शक्तीने, एवढेच त्या आज्ञांत असते. शक्तीचा आकडा ‘एस’ या अक्षरापुढे लिहितात. बोर्ड त्या आज्ञा वाचून एकीकडे स्टेपर मोटारींना (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटारींना) स्पंदने पाठवतो आणि दुसरीकडे लेझर किती प्रखर जळावा ते ठरवतो. चित्राचा दर्जा या दोन कामांच्या मेळावर अवलंबून असतो. नवशिके जास्त वॉटचा लेझर घेण्यामागे लागतात; पण छायाचित्रासाठी वॉटपेक्षा हालचाल आणि प्रकाश यांचा हा मेळ कितीतरी महत्त्वाचा आहे.

याचे कारण जळण्यातच आहे. लाकूड किती काळवंडेल हे दर मिलिमीटरला किती ऊर्जा मिळाली यावर ठरते. ओळीच्या टोकाशी यंत्र वेग कमी करून वळते. शक्ती तेवढीच राहिली तर तिथे जास्त ऊर्जा पडते आणि चित्राच्या दोन्ही कडा करपतात. जीआरबीएलच्या १.१ आवृत्तीत आलेल्या लेझर मोडने हे बरेच सुधारले. हा मोड बंद असताना ‘एस’चा आकडा बदलला की यंत्र क्षणभर थांबते, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला डाग. मोड चालू असला की हालचाल अखंड राहते. त्यातच एम ४ आज्ञा दिली तर प्रत्यक्ष वेगाच्या प्रमाणात शक्ती कमी-जास्त होते आणि यंत्र थांबले की लेझर विझतो. एम ३ मध्ये शक्ती स्थिर राहते, म्हणून छायाचित्राला एम ४ च घ्यावे. शिवाय ओळ चित्राच्या थोडी बाहेरून सुरू करून बाहेरच संपवतात. सेकंदाला ५० मिमी वेग आणि ५०० मिमी प्रति वर्ग सेकंद त्वरण असेल, तर पूर्ण वेग घ्यायला २.५ मिमी जागा लागते. निदान तेवढे अंतर दोन्ही बाजूंना सोडावे.

वेगाची खरी मर्यादा मात्र वेगळ्याच ठिकाणी लपलेली असते. १०० मिमी बाजूचे चौरस चित्र ०.१ मिमी अंतराच्या ओळींनी (इंचाला २५४ ओळी) कोरायचे तर १,००० ओळी, म्हणजे १०० मीटर प्रवास होतो. मिनिटाला ३,००० मिमी वेगाने, वळणे सोडून, त्याला सुमारे ३३ मिनिटे लागतात. पिक्सेल होतात दहा लाख. प्रत्येकाला दहा अक्षरांची आज्ञा धरली, तर १,१५,२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट; एका अक्षराला दहा बिट) जोडणीतून सेकंदाला जेमतेम १,१५२ आज्ञा जातात. त्यामुळे मिनिटाला सुमारे ६,९०० मिमीच्या पुढे जाताच येत नाही. त्याहून अरुंद वाट बोर्डाच्या स्मृतीत आहे. ऊनोवर पुढच्या सोळाच आज्ञा एका वेळी आखल्या जातात आणि त्या संपेपर्यंत थांबता आले पाहिजे असे गृहीत धरून वेग ठरतो. ०.१ मिमीच्या सोळा आज्ञा म्हणजे १.६ मिमी. वरच्याच त्वरणाने एवढ्या अंतरात थांबायचे, तर वेग सेकंदाला ४० मिमी, म्हणजे मिनिटाला २,४०० मिमी, यापलीकडे जात नाही. पडद्यावर ६,००० लिहूनही यंत्र रेंगाळते किंवा अडखळते ते यामुळे. सारख्या छटेचे शेजारचे पिक्सेल एकाच आज्ञेत गुंफले की ही अडचण सैल होते. जास्त स्मृतीच्या ३२ बिटी बोर्डांवर ती फारशी जाणवत नाही.

छटा दोन प्रकारे साधतात. पहिल्यात प्रत्येक पिक्सेलला वेगळी शक्ती देतात. लाकडावर हे फसवे ठरते, कारण ठरावीक ऊर्जेखाली काहीच उमटत नाही आणि ती ओलांडली की रंग झपाट्याने गडद होतो. म्हणून दुसरा प्रकार अधिक भरवशाचा : वर्तमानपत्रातल्या छायाचित्राप्रमाणे फक्त ठिपका आणि मोकळी जागा. त्यासाठी रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत आजही वापरात आहे. पिक्सेल काळा किंवा पांढरा ठरवताना झालेली चूक पुढच्या पिक्सेलला ७/१६ आणि खालच्या ओळीतल्या तिघांना ३/१६, ५/१६, १/१६ अशी वाटून देतात. ओळींतले अंतर किरणाच्या ठिपक्याएवढे असावे. ठिपका ०.१५ मिमीचा असताना ०.०५ मिमी अंतर घेतले, तर ठिपके एकमेकांवर चढून चेहरा काळा पडतो. बारकावा वाढत नाही. किरण दोन्ही दिशांनी जाताना जळत असेल आणि लेझर ओढणारा पट्टा सैल असेल, तर एकाआड एक ओळी सरकून डोळे, केस यांच्या कडा दातेरी दिसतात. अशा वेळी पट्टा ताणावा किंवा एकाच दिशेने कोरावे.

माध्यम निवडताना फिक्या रंगाचे, एकसारख्या पोताचे लाकूड घ्यावे. बर्च किंवा बासवुडचे प्लाय उत्तम. सागवान दिसायला कितीही देखणे असले तरी त्याच्या शिरा कमी-जास्त जळतात आणि चेहऱ्यावर पट्टे उठतात. स्लेटवर किरण पडलेली जागा फिकी होते, म्हणून तिथे चित्र उलट, निगेटिव्ह करून द्यावे लागते. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा किरण सरळ पार जातो, त्याला १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझर हवा. प्रत्येक नव्या फळीवर आधी वेग आणि शक्तीचा चौकटीतला नमुना जाळून पाहावा.

ही यंत्रे बहुधा चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गाचे लेझर वापरतात. परावर्तित किरणही दृष्टी घालवू शकतो. त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा, धूर बाहेर नेणारा पंखा आणि हाताशी अग्निशामक ठेवावा. यंत्र चालू असताना खोली सोडू नये. पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीही कोरू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि यंत्राचे लोखंडही गंजवतो.