पावसाळी पाणी व्यवस्थापन (नाशिक)

प्लॉटवर पडलेले पावसाचे पाणी जिरवणे किंवा सुरक्षितपणे पावसाळी गटारापर्यंत पोहोचवणे, यासाठी मिळकतधारक व विकासकांवर असलेल्या बंधनांना हे नाव आहे. ती मुख्यतः २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून येतात; अंमल नाशिक महापालिकेचा नगररचना विभाग करतो.

गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी व वाघाडी आणि असंख्य ओहोळांनी शहराचा उतार ठरवला आहे. सरस्वती नाला दहीपूल-सराफ बाजाराच्या दाट वस्तीतून जातो, म्हणून जोराच्या सरीनंतर तेथील दुकानांत पाणी शिरते. नाला नकाशावरून पुसला, तरी पाणी आपली वाट सोडत नाही. त्यामुळे ले-आउटमधून वाहणारा ओहोळ बुजवता येत नाही. परवानगीने त्याला वळण देता येते, मात्र पाणी आत येण्याची व बाहेर पडण्याची जागा तीच ठेवावी लागते.

नदीकाठी पूररेषा पाहावी लागते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम सहसा होत नाही. दोन्ही रेषांमध्ये जोत्याची पातळी लाल रेषेपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवी.

५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवरील बांधकामास पर्जन्यजल संधारण, म्हणजे पावसाचे पाणी साठवणे किंवा जमिनीत जिरवणे, सक्तीचे आहे. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी जमते. शहराखाली बेसाल्टचा कातळ आहे. शोषखड्डा काळ्या मातीतच थांबला तर तो तुडुंब भरून राहतो. तो मुरमापर्यंत किंवा भेगाळलेल्या खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि आधी गाळणीचा थर द्यावा लागतो.

सर्वात महत्त्वाचा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम पाइपाचा आहे: गच्चीचे पाणी ड्रेनेजला, म्हणजे मैला वाहून नेणाऱ्या भूमिगत गटाराला, जोडायचे नाही. ड्रेनेजच्या चेंबरला जोडणे स्वस्त पडते, पण पावसात हे गटार त्या भाराने तुंबते आणि सखल गल्लीतील चेंबरचे झाकण उचलले जाऊन मैला रस्त्यावर येतो. हा त्रास जोडणी करणाऱ्याला नव्हे, उताराखालच्या घरांना होतो. भोगवटा दाखल्यानंतर (इमारत वापरण्याच्या परवानगीनंतर) या व्यवस्थेची देखभाल सोसायटीकडे येते. इमारत ताब्यात घेताना गच्चीचा प्रत्येक पाइप कुठे उतरतो, हे पाणी ओतून पाहावे.