मूत्राशयाच्या कर्करोगावरील प्रकाशोपचार: मात्रेचा आणि खबरदारीचा इतिहास

प्रकाशाने जागे होणारे औषध आधी द्यायचे आणि ते गाठीत साठल्यावर ठरावीक तरंगलांबीचा लेझर टाकून ऑक्सिजनच्या साहाय्याने तिथल्या पेशी मारायच्या, असे फोटोडायनॅमिक उपचाराचे तत्त्व आहे. त्याचे मूळ म्युनिकमध्ये सापडते. ॲक्रिडिन या रंगद्रव्याच्या द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, हे ऑस्कर राब या विद्यार्थ्याने 1900 साली प्रसिद्ध केले. 1913 मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने स्वतःला हिमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने जागे होणारे द्रव्य 200 मिलिग्रॅम टोचून घेतले, तेव्हा उन्हाने त्याचा चेहरा आणि हात विलक्षण सुजले. औषधाबरोबर येणारा धोका तेव्हापासूनच माहीत आहे.

1976 मध्ये केली आणि स्नेल यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर हा उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कॅनडात आल्व्हारो मोरालेस यांनी याच कर्करोगावर बीसीजी ही क्षयाची लस वापरल्याचे निष्कर्ष मांडले आणि पुढे बीसीजी हाच प्रस्थापित उपचार ठरला. 1993 मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी फोटोफ्रिन या प्रकाशाने जागे होणाऱ्या औषधाला मान्यता दिली, तरीही त्याचा प्रसार झाला नाही.

माझ्या मते, या उपचाराला नडले ते प्रकाशाच्या मात्रेचे गणित. दुर्बिणीतून आत नेलेल्या तंतूच्या टोकाचा प्रकाश गोलाकार मूत्राशयाच्या भिंतींवरून पुन्हापुन्हा परावर्तित होतो, त्यामुळे भिंतीवर पडणारी मात्रा हिशेबापेक्षा कितीतरी पट वाढू शकते, आणि ही वाढ प्रत्येक रुग्णात वेगळी असते. स्नायूच्या थरालाही इजा झाल्याने काहींचे मूत्राशय कायमचे आक्रसले.

शस्त्रक्रियागृहातली शिस्तही अशाच अनुभवांतून घडली. शिरेतून फोटोफ्रिन दिलेल्या रुग्णाची त्वचा कित्येक आठवडे प्रकाशाला हळवी राहते. म्हणून दिवे मंद ठेवतात, त्वचा झाकतात आणि भूलतज्ज्ञ पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा अधूनमधून दुसऱ्या बोटाला लावतात, कारण त्या चिमट्याच्या प्रकाशानेही त्वचा भाजल्याची नोंद आहे. कर्मचाऱ्यांसाठी दारावर इशारा, खिडक्यांवर आडोसा आणि डोळ्यांना गॉगल लागतात.

टोरांटोत 2017 पासून मानवी चाचण्यांत असलेले टीएलडी-1433 हे रुथेनियमयुक्त औषध थेट मूत्राशयात सोडले जाते, त्यामुळे त्वचेचा धोका बराच घटतो. मात्र त्याला सुमारे 520 नॅनोमीटरचा हिरवा लेझर लागतो. फोटोफ्रिनच्या 630 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी बनवलेला गॉगल इथे संरक्षण देईलच असे नाही, म्हणून गॉगलवर छापलेली तरंगलांबी यंत्राशी ताडून पाहावीच लागते.